अर्ध्यावर थांबवलेला बाप

गेल्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत पांढरी चादर बांधून जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' लावला. मी साखर कारखान्यातली गव्हाणीवरची पाळी संपवून, अंगाला मळीचा वास घेऊन पळत पोचलो. महाडचं पाणी ओंजळीत आलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, म्हाताऱ्यांनी हात जोडले. पुणे करार यायच्या आतच पुढारी आले. सिनेमा बंद! हारतुरे, सत्कार, मग डीजे. चादरीची घडी झाली. बाप अर्ध्यावर राह्यला, आणि पुढं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही.

दोस्तहो, आपण चरित्रपट बघतो कशाला? एक कार्यकर्ता मला म्हणाला, "डोळ्यात पाणी आलं पायजे, तो सिनेमा मोठा." अरे, पाणी कांदा चिरतानाही येतं, आणि कांदा नगर जिल्ह्यात ढिगानं पिकतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. त्याच माणसाची आपण पडद्यावर आरती करतो.

माझी कसोटी साधी आहे. सिनेमा दुश्मनाचं नाव घेतो का? आणि बघून निघालेला माणूस भांडायला शिकतो का?

१९८२ चा ॲटनबरोचा 'गांधी' घ्या. आठ ऑस्कर. आपल्या सरकारच्या एनएफडीसीचाही त्यात पैसा. तीन तासांवर चालणाऱ्या सिनेमात बाबासाहेब एकदाही दिसत नाहीत. पुणे करार जणू झालाच नाही! फोटोग्राफी झकास असेल. ज्या चरित्रातून आमचा बापच गाळला, त्याला मी मोठं म्हणणार नाही.

बाबासाहेबांचा सिनेमाही एनएफडीसीनंच काढला, तो थेटरात यायला २००० साल उजाडलं. मामुट्टीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तामिळमध्ये तो लागायला डिसेंबर २०१० उगवला, तोही कोर्टात भांडून. त्यातला मोठेपणा मला कुठं दिसतो? मामुट्टीचे बाबासाहेब मोहन गोखलेंच्या गांधींशी तोंडावर वाद घालतात तिथं. तिथं पुतळा संपतो आणि माणूस सुरू होतो. नेमकं तेच आमच्या वस्तीनं बघितलं नाही.

आता फुल्यांचं. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला १९५४ चं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. बाबुराव पेंढारकर जोतीराव, सुलोचना सावित्रीबाई. आणि २०२५ साली? अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. आरडाओरड झाली, तो २५ तारखेला आला. सेन्सॉर बोर्डानं बदल सुचवले : 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द नकोत. 'तीन हजार वर्षांची गुलामी' म्हणू नका, 'कित्येक वर्षांची' म्हणा. म्हणजे गुलामीची वर्षं मोजायलाही बंदी!

नगरच्या पोरांनो, तुम्हाला याची लाज आणि चीड दोन्ही वाटली पाह्यजे. 'ज्ञानोदय' आपल्या नगरला १८४२ साली सुरू झाला. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांगाची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. मथळ्यातच जातीची नावं. एका शाळकरी पोरीनं १८५५ साली जे शब्द छापून आणले, ते १७० वर्षांनी पडद्यावर खुपतात. शब्द पुसले म्हणून गावकुसाबाहेरची वस्ती पुसली जाते काय? जात बोलायची नाही आणि पाळायची मात्र बिनधास्त, असा हा कावा आहे.

म्हणून सांगतो, येत्या जयंतीला वर्गणीतला डीजेचा पैसा पडद्याला द्या. सिनेमा शेवटपर्यंत लावा. पुढारी आला तर त्याला सतरंजीवर बसवा. सिनेमा संपल्यावर दिवे लावा आणि तासभर भांडा : काय दाखवलं, काय गाळलं, का गाळलं. आणि तुमच्यातल्या कुणीतरी मुक्ताचा सिनेमा लिहायला घ्या. तो लिहिताना एकही शब्द खाऊ नका.

जयभीम.