नावनिशीवार

नाशकातून पुण्याकडे निघालेला मनुष्य बहुधा आमच्या द्वारका चौकावरूनच पुढे जातो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याची सडक जेथे मिळतात त्या चौकातील कोलाहलात, काळी लोखंडी ट्रंक पायांशी ठेवून, नाशिकरोडच्या तोफखाना केंद्राकडे जाणाऱ्या रिक्षाची वाट पाहणारे, मिसरूड नुकतेच फुटलेले रंगरूट मी इतके पाहिले आहेत की, सैन्य म्हटले म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे तोफ न येता ती ट्रंक आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने रेखलेले नाव येते.

तसेच रेखलेले नाव, पण दगडावर कोरलेले, मी पाहिले ते त्याच सडकेने पुण्याजवळच्या खडकीस गेलो तेव्हा. तेथील युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या १६६८ जणांच्या कबरी आहेत. पश्चिम व मध्य हिंदुस्थानातील ठिकठिकाणच्या ज्या कबरींची निगा पुढे राहील अशी शाश्वती नव्हती, त्या येथे एकत्र आणल्या गेल्या. या मुलखात रणांगण नव्हते. तेव्हा यांतील पुष्कळांना शत्रूच्या गोळीने नव्हे, तर ज्वराने किंवा अपघाताने गाठले असणार. पराक्रमाने ऊर भरून यावा असे तेथे काही नाही. शिवाय ज्या सत्तेविरुद्ध आपल्या वाडवडिलांनी तुरुंगवास पत्करला, तिच्याच शिपायांसाठी आपला कंठ का दाटावा, हा प्रश्न मनाशी धरूनच मी कातरलेल्या हिरवळीवरून चाललो होतो. तरी एका शिळेपाशी पाय थबकलेच. पलटणीचे चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय एकवीस; आणि तळाशी, घरच्यांना मिळालेल्या मोजक्या अक्षरांच्या मुभेत कशीबशी बसवलेली आईबापांची एक ओळ. तेथे माझा प्रश्न गळून पडला.

शोक ओसरल्यावर मात्र मनात उठला तो, खरे सांगायचे तर, त्या कोरलेल्या नावाचा हेवा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या मराठा पलटणींतील व इतर फौजांतील, ज्यांची कबर ठाऊक नाही अशांचे स्मारक बसऱ्यास आहे. ते १९२९ साली उघडले गेले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. पण तेथील शिरस्ता असा, की हिंदी अंमलदारांची नावे भिंतीवर कोरावीत आणि साध्या शिपायांचा पलटणवार आकडा तेवढा मांडावा, जणू कोठारातील शिलकीचा हिशेब! या भेदाबद्दल, अशा कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली जाहीर क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली हे बरे झाले.

कोणी म्हणेल, आपल्या वीरगळांवर तरी नाव कोठे असते? खालच्या थरात झुंज, वरच्या थरात शिवपूजन, माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर अक्षर नाही. पण वीरगळ वेशीत उभा राहिला, तेव्हा तो कोणाचा हे साऱ्या गावाला ठाऊक होते. परमुलखात उभ्या केलेल्या आकड्याला ओळखणारे कोण?

आणि परमुलखाचेच कशाला, महाराष्ट्रातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही, येथून अमुक इतके गेले व तमुक इतके मेले, एवढाच तपशील आहे. मृतांची नावे आयोगाच्या दफ्तरात आहेत, कित्येकांच्या पुढे बापाचे नाव आणि गावही नोंदलेले आहे. ज्या ज्या गावात अशी पाटी आहे, तेथल्या ग्रामपंचायतीने आपल्या माणसांची नावनिशीवार यादी मागवावी आणि त्या आकड्याखाली कोरून घ्यावी. खर्च फार येणार नाही, पाथरवटाचे दोन दिवसांचे काम आहे.