धडा मुलांना, कठडा कोणी बांधावा?

१८ जुलै २०२४ रोजी जालना-राजूर मार्गावर पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळून ७ जणांचा अंत झाला. अशाच रस्त्यांनी खेड्यांतील मुले शाळेला जातात. पदपथ नसेल तेथे समोरचे वाहन दिसावे म्हणून उजव्या कडेने चालावे, हा धडा त्यांना दिलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु निव्वळ धड्याने विहिरीला कठडा येत नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेने अल्पवयीन चालकाच्या पालकास ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली. रस्त्याच्या रचनेत कसूर करणाऱ्या यंत्रणेस केवळ १ लाखापर्यंत दंड! कठड्याचा खर्च एकदाच होतो; त्याच्या अभावाची किंमत मात्र कुटुंबे पिढीभर फेडतात. मुलांना नियम शिकविण्याचा अधिकार मोठ्यांनी आधी कठडे बांधून मिळवावा.