मॉडेल नंतर, आधी ओढ्यात उतरू

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. तेव्हापासून मित्र विचारतात, "तू सॉफ्टवेअरवाला, एआयला नदीचं दुखणं आधी कळणार नाही का?"

कळेल. पण मॉडेल आपण दाखवू तेवढंच शिकतं. महिन्यातून एकदा, तेही दिवसा बाटली भरली, तर रात्री सोडलेलं मळीमिश्रित पाणी तिच्यात येतच नाही. त्या आकड्यांवर शिकलेलं मॉडेल मासे मरताना "पाणी ठीक" म्हणेल, आणि संगणक म्हणतोय म्हणून लोक मानतील. मला याचीच भीती जास्त.

दगडाखालच्या किड्यांना असं फसवता येत नाही. मेफ्लायची पिल्लं कित्येक आठवडे पाण्यातच असतात. ऑक्सिजन घटला की आधी ती जातात, चिखलातल्या लाल अळ्या उरतात. फोटोवरून हे ओळखणं मशीन लर्निंगला जमतं. पण युरोपातल्या नद्यांवर शिकलेलं मॉडेल इथं चुकेल. वेण्णा पावसाळ्यात दुथडी भरते, माणदेशातले ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात. कोरडा ओढा म्हणजे आजारी ओढा नव्हे.

म्हणून फोटो आपणच काढायचे, दर आठवड्याला, संगम माहुलीपासून सांगलीच्या घाटापर्यंत. मासेमारांना सोबत घेऊन. त्यांना पाणी वासावरून कळतं. मॉडेल मी फुकट लिहून देतो. चाळणी धरायला कोण येतंय?