रूढी न्याग्बोंची, नोंद कोणाच्या भाषेत?

एखाद्या छोट्या समाजाच्या चालीरीती, म्हणी आणि कहाण्या कुणी टिपून ठेवल्या की त्या वाचल्या, असा एक सोयीचा समज सुशिक्षितांत रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. नोंद कोणत्या भाषेत झाली आणि ती कोणाच्या हाती राहिली, हे दोन प्रश्न टाळून केलेले संकलन म्हणजे मृत्युपूर्व पंचनामा होय.

उदाहरण दूरचे आहे, पण सीमेवरच्या माणसाला ते परके वाटू नये. घानाच्या व्होल्टा प्रांतातील डोंगराळ भागात न्याग्बो लोकांची मोजकी गावे आहेत. त्यांच्या भाषेचे त्यांचे स्वतःचे नाव तुत्रुग्बू. हा मुलूख 1884 नंतर जर्मन टोगोलँडमध्ये गेला, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांकडे आला, 1956 च्या सार्वमतानंतर गोल्ड कोस्टशी जोडला गेला आणि 1957 मध्ये स्वतंत्र घानाचा भाग झाला. जर्मन अभ्यासकांनी या डोंगरांतील भाषांच्या गटाला ‘उरलेल्या भाषा’ अशा अर्थाचे नाव दिले. जिवंत माणसांच्या बोलण्याला ‘उरलेले’ म्हणणे, हाच आमच्या मते पहिला अन्याय.

दुसरा अन्याय अधिक शांतपणे झाला. मिशनऱ्यांनी चर्च आणि शाळा यांसाठी शेजारची मोठी भाषा एवे निवडली. आजही शासनपुरस्कृत शालेय भाषांत एवे आहे, तुत्रुग्बू नाही. न्याग्बो माणूस घरी एक भाषा बोलतो आणि लिहायला दुसरी शिकतो. जेम्स एसेग्बे या भाषाशास्त्रज्ञांनी या भाषेचा आणि संस्कृतीचा ग्रंथ 2019 मध्ये सिद्ध केला, हे मोठेच काम झाले. परंतु तो ग्रंथ इंग्रजीत आहे, आणि एका ग्रंथावर समाजाची स्मृती तगत नाही.

यावर उत्तर मिळते ते असे: ‘सर्वांना एवे समजते, रूढी एवेत किंवा इंग्रजीत लिहिल्या तर बिघडले काय?’ वकील या नात्याने आम्ही सांगतो, पुष्कळ बिघडते. घानाच्या 1992 च्या राज्यघटनेचे कलम 11 रूढिप्राप्त कायद्याला देशाच्या कायद्याचा भाग मानते. कलम 272 पारंपरिक प्रमुखांच्या राष्ट्रीय सभेकडे त्या कायद्याचा अभ्यास, अर्थनिर्णय आणि संहितीकरण सोपवते. म्हणजे तेथे रूढी हे न्यायालयात उभे राहणारे वचन आहे. वारसा, जमीन, विवाह यांसंबंधीच्या शब्दाचे भाषांतर झाले की हक्काचेही भाषांतर होते. पुढे वाद उभा राहिला म्हणजे न्यायाधीशासमोर कागद येतो. ज्या वृद्धाच्या तोंडून ते वचन निघाले, तो तोवर हयात नसतो.

याचा दाखला आपल्याच दाराशी आहे. गोव्यातील गावकऱ्यांच्या रूढी 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने पोर्तुगीजमध्ये नोंदवल्या. रूढी गावाची, शब्द राज्यकर्त्याचे, आणि दृष्टी महसुलाची! गावकरीविषयक पुढील कायद्यांचा पाया तोच दस्तऐवज ठरला.

म्हणून आमचे म्हणणे तीन कलमांत मांडतो. मूळ कथन तुत्रुग्बूतच ध्वनिमुद्रित आणि लिखित व्हावे. भाषांतर सोबत असावे, पण वाद पडल्यास मूळच प्रमाण ठरावे. टिपणारे हात शक्यतो त्याच गावांतले असावेत. आणि संग्रहाची प्रत परदेशी विद्यापीठाआधी न्याग्बो गावात राहावी. घानाच्या घटनेचे कलम 26 आपली भाषा व परंपरा जपण्याचा हक्क प्रत्येकाला देते. या तीन अटींवाचून तो हक्क कागदावरच राहील.

आपल्या घटनेचे कलम 29 हेच वचन देते, आणि त्याचा आधार घेऊन आपण शासनाच्या दारी उभे राहतो. मग आपल्या घरातील आजीची ओवी टिपताना तिचे शब्द ‘शुद्ध’ करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? न्याग्बोंसाठी जे मागतो, ते आधी आपल्या अंगणात पाळू या. तरच बेळगावात, गोव्यात किंवा बडोद्यात आपण केलेल्या मागणीला नैतिक बळ येईल.