उपदेशाआधी सोबत
तरुणांचा मार्गदर्शक व्हायला विद्वत्तेपेक्षा सातत्य अधिक लागते. मुलांना मोठ्यांची सोबत जोडून देणाऱ्या अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ संस्थेच्या ९५९ मुलांवरील अभ्यास १९९५मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्यांची नियमित सोबत लाभलेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना हात लावण्याचे आणि शाळा बुडवण्याचे प्रमाण प्रतीक्षायादीतील मुलांपेक्षा कमी आढळले. पुढील विश्लेषणात वर्षभर टिकलेली नाती सर्वाधिक लाभदायी ठरली. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांतील मुलांचा आत्मसन्मान मात्र घसरलेला दिसला. म्हणजे अर्ध्यावर सोडलेली सोबत निरुपद्रवी नसते.

इतका वेळ कुणाला आहे, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणूनच झेपेल तेवढाच वेळ कबूल करावा आणि तो कटाक्षाने पाळावा. नुसत्या सोबतीने काय साधते, असेही विचारले जाते. पण आधी विश्वास रुजला, तरच सल्ला रुजतो.