क्रूझ, थंडी आणि आई-बाबा

दिवाळी संपली की आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास कानावर येतो. पूर्वी तो "आई-बाबांना युरोप दाखवायचंय, कुठली टूर बरी?" असा असायचा. हल्ली तो बदललाय. कुणाचा दादा सिअॅटलला असतो, कुणाची ताई व्हँकुव्हरला, आणि येत्या मे महिन्यात सगळे मिळून अलास्काची क्रूझ करायचा बेत ठरलेला असतो. मग चहाच्या मशीनपाशी विचारणा होते, "थंडी किती असते रे तिथे?" मी आई-बाबांना घेऊन एकदा जाऊन आलोय, त्यामुळे आपोआप या विषयातला तज्ज्ञ ठरलोय. (एकदा गेलं की तज्ज्ञ, हा आपल्याकडचा नियमच आहे.)

तर मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो. थंडी ही या सहलीतली सगळ्यात सोपी अडचण आहे. आपण सगळं डोकं तिच्यात घालवतो, चार-चार स्वेटर कोंबतो, माकडटोप्या शोधतो, आणि ज्या गोष्टींनी सहल खरोखर बिघडू शकते त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

पण मुळात आई-बाबांना क्रूझवर न्यावं का? माझ्या मते अगदी न्यावं, आणि गुडघे शाबूत आहेत तोवर न्यावं. पंधरा दिवसांत दहा देशांच्या बसटूरमध्ये पासष्टीच्या माणसाला पहाटे पाचला उठवून, बॅग दाराबाहेर ठेवायला लावून, दिवसभर फरसबंदीवरून चालवतात. परत आल्यावर बाबा सगळ्यांना फोटो दाखवतात आणि आई हळूच म्हणते, "मला काही आठवतच नाही बाई, कुठे कुठे गेलो." क्रूझवर बॅग एकदाच उघडायची. हॉटेलच तुमच्याबरोबर पुढे सरकतं. दमलं की खोलीत जाऊन आडवं व्हायचं, कुणी शिट्टी मारत बोलवायला येत नाही. वय झालेल्या माणसासाठी यापेक्षा बरा प्रवास मला तरी माहीत नाही.

आता थंडीचं बघू. मे ते सप्टेंबर हा अलास्काचा मोसम. जुलैत जूनोला दुपारी पंधरा-सतरा अंश असतात, मे महिन्यात त्याहून कमी. म्हणजे महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या रात्रीपेक्षा फार वेगळं काही नाही. खरी गंमत पावसाची आहे. केचिकन नावाचं जे बंदर लागतं तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा कितीतरी जास्त. आपला पाऊस चार महिन्यांत धो-धो कोसळून मोकळा होतो, तिथला वर्षभर रिपरिपतो. त्यात जहाज चालत असतं, त्यामुळे डेकवर वारा कायम. म्हणजे तयारी करायची ती गारठ्याची नाही, ओल्या वाऱ्याची. लोकरीचा जाड स्वेटर एकदा भिजला की तुमच्या केबिनमध्ये तो दोन दिवस वाळत नाही. छत्री तर उघडताक्षणी उलटी होते.

तेव्हा अंगाला लागून थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर टोपीसकट वॉटरप्रूफ जॅकेट. नुसता विंडचीटर चालणार नाही, पाणी आत येतं. जीन्स घरी ठेवा. भिजलेली जीन्स म्हणजे पायाला बांधलेली ओली गोणी. आईच्या बाबतीत थोडं राजकारण करावं लागतं. डेकवरच्या वाऱ्यात साडी सावरणं अशक्य, आणि पॅन्ट घालायला ती तयार नसते. आमच्याकडे तोडगा निघाला तो पंजाबी ड्रेसचा: सलवारीच्या आत थर्मल, वरून जॅकेट. बाबांचा हट्ट चामड्याच्या बुटांचा असतो, तो मात्र मोडून काढा. ओल्या डेकवर आणि बंदराच्या फळ्यांवर पकड असलेलेच बूट हवेत. सत्तरीत खुब्याचं हाड मोडणं हा फार महागडा एज केस आहे. आणि हो, माकडटोपी घ्याच. तिच्यावर हसणारे ग्लेशियरसमोर ती उसनी मागतात :)

महिना कुठला? इथे आपलं नशीब चांगलं आहे. त्या किनाऱ्यावर एप्रिल ते जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस वाढत जातो. मे महिन्यात तिकडच्या शाळा संपलेल्या नसतात, त्यामुळे तिकिटंही सहसा स्वस्त. आपल्याला सुट्टी नेमकी तेव्हाच, आणि नवी मुंबईत घामाच्या धारा लागलेल्या असतात. थोडी थंडी जास्त सोसावी लागेल, एवढंच.

यानंतरचा मुद्दा कागदांचा, आणि माणसं अडकतात ती इथेच. सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परत येणारी क्रूझ बघून आपल्याला वाटतं, अमेरिकेतून अमेरिकेत, मग अमेरिकेचा व्हिसा बास झाला. पण १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर न घेता अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी नेता येत नाहीत. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची. म्हणून ती वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, बहुतेक वेळा शेवटच्या संध्याकाळी, चार-पाच तास थांबतात. त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर पहिल्याच दिवशी धक्क्यावरून परत पाठवलं जाऊ शकतं. व्हँकुव्हरहून निघत असाल तर दोन्ही देशांचे व्हिसा लागणार हे उघडच आहे. ज्यांच्या मनात नॉर्वेच्या उत्तरेला, पार स्वालबार्डपर्यंत जायचं आहे त्यांनीही लक्षात ठेवा: स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये नाही. तिथे गेलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात, तेव्हा परत येण्यासाठी एकापेक्षा जास्त प्रवेशाचा व्हिसा हवा. क्रूझचं तिकीट आधी आणि व्हिसा मग, हा उलटा क्रम आहे. आपण प्रोजेक्टमध्ये डिपेन्डन्सी आधी तपासतो ना, मग इथेच काय होतं कोण जाणे.

औषधांचं आणि विम्याचं सांगतो. धक्क्यावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात, त्या केबिनशी यायला संध्याकाळही होते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या, आईचं इन्सुलिन, पासपोर्ट आणि एक स्वेटर एवढं हातातल्या पिशवीतच असायला हवं. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो आणि ते काही हॉस्पिटल नव्हे. गंभीर काही झालं तर माणसाला पुढच्या बंदरात उतरवतात किंवा हेलिकॉप्टर बोलावतात, आणि त्याचं बिल बघून ठणठणीत माणसाचंही बीपी वाढेल. म्हणून विमा घेताना दोन गोष्टी पॉलिसीत शब्दशः वाचा: आधीपासून असलेले आजार धरलेत का, आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का. एजंटच्या "सगळं कव्हर आहे साहेब" वर जाऊ नका. पैसे कुठे वाचवायचेच असतील तर ते केबिनमध्ये वाचवा, विम्यात नको.

केबिनवरून आमच्या मित्रमंडळात कायम वाद होतो. माझं मत असं: तरुण जोडप्याने खिडकी नसलेली आतली खोली घ्यावी, कारण त्यांनी खोलीत बसूच नये. आई-बाबांना मात्र जमल्यास बाल्कनी द्या. आईला पहाटे पाचला जाग येते, त्या वेळी शाल गुंडाळून, चहाचा कप हातात धरून तिला डोंगर सरकताना बघता आले तर ते पैसे वसूल. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर असलेली बरी, तिथे हलणं कमी जाणवतं. कोकणच्या बोटीने गेलेल्या आपल्या आजी-आजोबांना "बोट लागणं" चांगलंच ठाऊक होतं. व्हँकुव्हरची जहाजं बेटांच्या आडोशाने जातात, पण सिअॅटलहून निघणारी बरीचशी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तेव्हा एखादी रात्र हलते. उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची असते, आणि बाबांच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालते का ते डॉक्टरांना इथूनच विचारून घ्या.

कोकणच्या बोटींवरून आठवलं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. जुन्या लोकांच्या मनात ती अजून आहे. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, तेव्हा लाइफ जॅकेटची चर्चा पुन्हा आठवडाभर झाली आणि विरली. जहाजावर पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते. आजकाल अर्धी मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि अर्धी ठरलेल्या जागी हजेरी लावून करतात. आपली माणसं ती "सगळ्यांना असते ती फॉर्मॅलिटी" म्हणून उरकतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ३२ जण गेले. त्यानंतर जहाज सुटण्याआधीच कवायत हा नियम झाला. उत्तरेच्या पाण्यात तर पोहता येण्याला फारसा अर्थ नाही, गारठाच आधी गाठतो. आई-बाबांना त्यांच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालवत न्या. लिफ्ट त्या वेळी बंद असतात.

बंदरावर उतरलात की घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाज कुणासाठी थांबत नाही. आणि जूनो हे अलास्काच्या राजधानीचं गाव असलं तरी तिथे बाहेरून येणारा एकही रस्ता नाही, फक्त बोट किंवा विमान. म्हणजे चुकलेलं जहाज टॅक्सीने गाठू असा विचारच सोडा. उतरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत टेंडर हा शब्द आहे का बघा. तसं असेल तर जहाज समुद्रातच थांबतं आणि छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत पाय टाकणं दुखऱ्या गुडघ्यांना जड जातं. स्कॅगवेची डोंगरातली रेल्वे मात्र चुकवू नका. सोन्याच्या हव्यासापायी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली ही अरुंद रुळांची गाडी आहे, नेरळ-माथेरानची थोरली बहीणच म्हणा ना.

जेवणाची काळजी करू नका. पहिल्याच रात्री डायनिंग हॉलच्या मुख्य वेटरला सांगून ठेवलं तर बहुतेक जहाजांवर वरण-भाताच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळतं, कारण भटारखान्यात आणि वाढायला आपले लोक बरेच असतात: गोव्याचे, मुंबईचे, कोकणातले. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरापासून लांब असतात बिचारे. आईने आमच्या वेटरशी मराठीत बोलायला सुरुवात केल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फक्त बुफेच्या आधी हात साबणाने धुवा. जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस असतो त्याला सॅनिटायझर फारसा जुमानत नाही.

आपल्या धंद्यातल्यांसाठी एक वेगळी सूचना. पूर्वी "जहाजावर नेट नसतं" असं मॅनेजरला खरं-खरं सांगता यायचं. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी जहाजांवर स्टारलिंक बसवायला घेतलं आणि ही सोय गेली. तरीही सांगतो, वायफायचं पॅकेज घेऊ नका, आणि जहाज सुटलं की फोन विमान मोडवर टाका, नाहीतर समुद्रातल्या रोमिंगचं बिल तिकिटाशी स्पर्धा करेल.

एक प्रश्न आमच्या ऑफिसात कुणी विचारत नाही, पण मला तो सतावतो. वितळणारा बर्फ बघायला एवढं इंधन जाळत जाणं बरोबर आहे का? ग्लेशियर बे मध्ये १७९४ च्या सुमारास आत शिरायलाही जागा नव्हती, सगळा बर्फ होता. आज तोच बर्फ शंभर किलोमीटर मागे गेलाय. (तिथली सुरुवातीची माघार नैसर्गिक होती हेही खरं.) जूनोजवळच्या मेंडनहॉल ग्लेशियरच्या वर साठणारं पाणी फुटून २०२३, २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ तीन ऑगस्ट गावातल्या घरांत शिरलं. एवढ्याशा गावाने अखेर २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायचं ठरवलं, ग्लेशियर बे मध्ये तर रोज दोनच सोडतात. माझ्यापुरतं उत्तर असं की आयुष्यात एकदा जावं, दर वर्षी नाही, आणि गेलो तर नीट बघावं.

आणि हे नीट बघणंच आपण करत नाही. ग्लेशियरच्या दिवशी सकाळी नऊला निम्मं जहाज बुफेत काचेमागे बसलेलं असतं, हातात वॅफल, आणि फोटो काचेतून. त्या दिवशी नाश्ता लवकर उरका, सगळे थर चढवा आणि वरच्या डेकवर जा. आई-बाबांसाठी खुर्ची आणि ब्लँकेट मिळतं, मागून घ्या. दुर्बीण माणशी एक असू द्या, एकीवर भांडणं होतात. फोनची बॅटरी गारठ्यात भराभर उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. कठड्याशी जागा धरायला पळापळ नको, कप्तान बहुधा जहाज ग्लेशियरसमोर सावकाश गोल फिरवतो आणि दोन्ही बाजूंना दर्शन होतं. मग थोडा वेळ कुणी बोलू नका. कडा तुटून पडताना आधी दिसतो आणि आवाज काही क्षणांनी येतो. तिथले त्लिंगित लोक त्याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. आईने तो ऐकला आणि पटकन बाबांचा हात धरला.