घरांतलें विज्ञान : आवाजाची खुंटी

ज्येष्ठ बंधूंनीं स्वहस्तें बांधलेला ध्वनिवर्धक आमच्या घरीं बरींच वर्षें आहे. एलएम १८७५ जातीच्या दोन चिप, एक वजनदार ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची पेटी, एवढाच त्याचा संसार. दिवेलागणीनंतर त्यापाशीं बसून, खुंटी फिरवून आवाज बेताचा करणें हा दादांचा नित्यविधि. गेल्या श्रावणांत त्यांचें मांडीचें हाड मोडलें आणि ह्या साध्या सुखासही ते पारखे झाले. आवाज कमी करावयाचा तरी कोणास हांक मारावी लागे. हें परावलंबन त्यांस दुखण्याहून अधिक बोंचे.

रिमोट लावूं म्हटलें तेव्हां त्यांनीं एकच अट घातली. "तुझ्या त्या संगणकानें माझ्या गाण्याला हात लावतां कामा नये." अट रास्त होती. आवाज कमीअधिक करणारी स्वतंत्र चिप मिळते. पण मग ध्वनीचा प्रवाहच तिच्यांतून जातो. म्हणून मीं मोटर जोडलेला पोटेन्शियोमीटर आणला. ह्यांत खुंटी नेहमींसारखीच असते. मागें चिमुकली मोटर, दांतेरी चाकें आणि घसरता क्लच. मोटर खुंटी फिरविते, आणि कोणी हातानें फिरविली तर क्लच घसरतो, कांहीं मोडत नाहीं.

मोटरीवर हुकूम चालविण्यास मायक्रोकंट्रोलर ठेविला. गणकयंत्र, त्याची स्मृति आणि बाहेरच्या तारांशीं व्यवहार करणाऱ्या पिना, असें हें सारें बिऱ्हाड एकाच चिपेंत असतें. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं उदयास आलेल्या आर्डुइनो मालिकेंतील बोर्ड मीं घेतला. त्यावरील एटीमेगा ३२८ च्या पिनेस ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा. मोटर त्याहून अधिक ओढते, म्हणून मध्यें एल २९३ डी ही मध्यस्थ चिप घालावी लागली.

रिमोटच्या तोंडाशीं असलेला दिवा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश सेकंदास सुमारें ३८,००० वेळां लुकलुकवितो. घरांतील इतर उजेडांतून तो वेगळा ओळखूं यावा ही त्यांतील योजना. एनईसी नांवाच्या प्रचलित पद्धतींत प्रत्येक आज्ञा एकदां सरळ व एकदां उलट येते, आणि दोहोंचा मेळ बसला तरच ती खरी मानावयाची. बटन दाबून धरल्यास सुमारें दर ११० मिलिसेकंदांनीं 'तेंच पुढें चालूं' अशी अल्प खूण येते. बटन सोडल्याची खूण मात्र येतच नाहीं.

येथेंच मी फसलों. एकदां दाबलें कीं मोटर चालूं, पुन्हां दाबलें कीं बंद, असा क्रम मीं लिहिला होता. पहिल्याच रात्रीं दादांनीं आवाज वाढविला, इतक्यांत त्यांची नात पेटीपुढें येऊन उभी राहिली. दादा बटन दाबताहेत, किरण तिच्या पाठीवर अडताहेत, आणि खुंटी संथपणें शेवटाकडे चालली आहे! पाळण्यांतलें मूल किंचाळून उठलें. अखेर वहिनींनीं स्वयंपाकघरांतून धांवत येऊन खुंटीच उलटी पिरगाळली. क्लच होता म्हणून निभावलें. ज्यास उठतां येत नाहीं त्याच्यासाठीं केलेली सोय, आणि ती थांबविण्यास दुसऱ्यानें धांवावें! दादा कांहीं बोलले नाहींत. तें मला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं सारा क्रम उलटा केला. आतां खूण येत राहील तोंवरच मोटर चालते. १५० मिलिसेकंदांत पुढची खूण न आल्यास आपण होऊन थांबते. कोणी आड आलें तर आवाज आहे तेथेंच राहतो.

मोटर फिरतांना स्पीकरांत टिकटिक होई. मोटरीची व ध्वनीची परतीची तार एकच होती. त्या वेगळ्या नेऊन एकाच बिंदूशीं जोडल्या, मोटरीच्या टोंकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, आणि ती थांबली. हें करूं इच्छिणाऱ्यांनीं २३० व्होल्टची बाजू जाणत्याकडूनच करून घ्यावी. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत वीज कांहीं काळ साठून राहते.

आपोआप फिरणारी खुंटी पाहण्यास सायंकाळीं मुलांची गर्दी होऊं लागली. प्रत्येकास एकदां दाबून पाहावयाचें असतें. दादांनीं आतां रिमोट उशीखालीं ठेवावयास आरंभ केला आहे.